फोर बियर

बायकोला सांगितलं नाही. देवापुढे हात जोडले तेव्हाही मनातल्या मनात पूर्ण वाक्यात कधी म्हटलं नाही. ते आधी लिहून टाकतो, म्हणजे मागे फिरायची सोय उरणार नाही. अकरा वर्षांपूर्वी मला एका इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारला गेला. अर्थ मला माहीत होता, अर्ध्या तासापूर्वीच कोशात पाहिला होता. मी तो अर्धा सांगितला. त्या अर्ध्या अर्थापायी एका सरळ माणसाचं काम गेलं आणि त्याच्या नावाच्या जागी एक टिंगल चिकटली.

चुकून नाही, मुद्दाम सांगितला.

शब्द होता फोरबेअरन्स. मराठीत त्याला संयम म्हणतात, सहनशीलता म्हणतात. दोन्ही जवळचे आहेत, पण नेमका एकही नाही. ज्याला बोलायचा, मागायचा, वसूल करायचा पूर्ण हक्क आहे, त्यानं तो हक्क हातात असून न वापरणं, असा काहीसा तो आहे. दुबळ्या माणसाच्या गप्प बसण्याला हा शब्द लागत नाही.

आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, सांवेर रोडवरच्या एका मध्यम कारखान्यात मी तेव्हाही नोकरीला होतो, आजही आहे. पाण्याच्या आणि वाफेच्या पाइपलाइनला लागणारे व्हॉल्व्ह आम्ही बनवतो. माझं टेबल कागदांचं. इंग्रजी पत्रं, परदेशी ऑर्डरी, आणि प्रत्येक मालाबरोबर जाणारं टेस्ट सर्टिफिकेट, ज्याला सगळे टीसी म्हणतात. आजोबा मिलमध्ये कारकून, वडील शाळामास्तर. हातानं काही बनवायची आमच्याकडे रीत नाही, कागद सांभाळायची आहे. मालकांचं, म्हणजे सेठजींचं, इंग्रजी आकड्यांपुरतं. पत्र आलं की मी त्यांच्यासमोर बसून वाक्यावाक्यानं हिंदीत सांगायचो. इतक्या वर्षांत सेठजींनी माझ्या सांगण्यावर कधी शंका घेतली नाही. बाकी सगळ्या जगावर घेतली.

टेस्टिंगच्या बेंचवर भाऊ होते. माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, मल्हारगंजात राहणारे, मराठीच, पण मराठी अशी की पुण्याच्या पाहुण्याला अर्धी कळावी. मी त्यांना भाऊ म्हणायचो. ते मला भिया, म्हणजे इकडच्या बोलीतलं भैया, म्हणायचे, थोडं थट्टेनं, कारण मी शर्ट खोचून यायचो. त्यांचं काम बघायला सोपं होतं. व्हॉल्व्हमध्ये पाणी भरायचं, पंपानं दाब चढवायचा, आणि मग काही करायचं नाही. गेजच्या काट्याकडे बघत बसायचं. ठरलेला वेळ काटा हलला नाही तर माल पास. हे काही न करणंच कामगारांना जड जायचं. कोणी घाईनं दाब सोडायला गेला की भाऊ त्याचं मनगट धरायचे. "गम खा भिया. लीकेज लाजाळू असतं, लगेच बाहेर नाही येत."

एका दुपारी भाऊ हाफ डे घेऊन वहिनींना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. जाताना म्हणाले, बेचाळीस नगांचा लॉट सकाळी घेतो, पहिलं काम तेच. चार वाजता डिस्पॅचवाला माझ्या टेबलाशी आला.

"भिया, टीसी दे दो. गाडी खडी है. बंदर पे जहाज तुम्हारे भाऊ की राह नहीं देखेगा."

भाऊंची सही माझ्या कम्प्युटरवर होती. दर वेळी ऑफिसात यायला नको म्हणून त्यांनीच विश्वासानं स्कॅन करून दिली होती. अट एकच, बेंचच्या रजिस्टरात आकडे असतील तरच लावायची. मी आधीच्या लॉटचे आकडे घेतले, इथंतिथं एखादा दशांश हलवला, तारीख आदल्या दिवसाची टाकली आणि सही लावली. बेचाळीस व्हॉल्व्ह बेंचवर न चढता गेले. मला घरी लवकर जायचं होतं, असंही काही नव्हतं. गाडी उभी होती, एवढंच कारण.

सकाळी भाऊ आले.

"बेचाळीस कुठं गेले?"

"गेले काल. गाडी आली होती."

"अन् टेस्ट?"

"झाली असेल ना, सेकंड शिफ्टला."

सेकंड शिफ्टला बेंच बंद असतो हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, डब्याचं झाकण नीट लागलंय का बघतात तेवढंच. "हां, झाली असेल," म्हणाले आणि गेले.

साडेतीन महिन्यांनी परदेशातून तक्रार आली. बेचाळीसपैकी सात नग टपकतायत. सेठजींनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. मी टीसीची फाइल छातीशी धरून उभा होतो, भाऊंच्या काखेत त्यांचं रजिस्टर. डिस्पॅचवाल्यानं घाई केली, असं सांगायची मी मनात तयारी केली होती. सेठजींनी विचारलं, "किसने पास किए ये?"

भाऊ म्हणाले, "बेंच मेरी है सेठजी. मुझसे रह गया होगा."

"रह गया होगा मतलब?"

"रह गया."

रजिस्टर काखेतून निघालं नाही. सेठजींनीही मागितलं नाही. खरेदीदारांचा माणूस स्वतः येऊन बघणार आहे, तो गेला की बोलू, म्हणाले.

दुसऱ्या कोणाला हा उपकार वाटला असता. मला संशय आला. माणूस असं का करेल? मी त्यांचा नातेवाईक नाही, वरिष्ठ नाही, कधी त्यांच्या उपयोगी पडलेलो नाही. बाहेर पडताना त्यांनी काही म्हटलं असतं, एखादी शिवी दिली असती, तरी मी रात्री झोपलो असतो. ते म्हणाले, "चहा घेणार का?" मी चहा घेतला आणि प्रत्येक घोटाला वाट पाहिली की आता हे काहीतरी मागतील. काही मागितलं नाही. मग मला वाटलं, मोठं काहीतरी मागायचं असणार, म्हणून राखून ठेवलंय.

महिन्याभरानं तो माणूस आला. साठीचा इंग्रज इन्स्पेक्टर, उंच, कमी बोलणारा. दोन दिवस तो भाऊंच्या बाजूला स्टूल टाकून बसला. भाऊंना इंग्रजी दहा-बारा शब्द, त्याला हिंदी शून्य. दोघं मिळून काट्याकडे बघत बसायचे. लांबून वाटावं, नदीकाठी गळ टाकून बसलेत. दुसऱ्या दिवशी भाऊंनी घरून साबुदाण्याची खिचडी आणली. तिच्यातल्या मिरचीनं त्याचे कान लाल झाले, तरी त्यानं डबा पुसून खाल्ला. मी काचेतून बघत होतो. इंग्रजानं रजिस्टर उघडून एका पानावर बोट ठेवलं, काही विचारलं. भाऊंनी उत्तर दिलं. त्यानं परत विचारलं, भाऊंनी परत तेवढंच उत्तर दिलं. त्या दिवशी मी जेवलो नाही.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. इंग्रजी मेल माझ्याच कम्प्युटरवर यायचा, म्हणून ते पहिल्यांदा मी एकट्यानं वाचलं. पहिला परिच्छेद टपकणाऱ्या नगांबद्दल, तांत्रिक. दुसऱ्याचा मजकूर मराठीत साधारण असा होता: तुमच्या रजिस्टरात त्या बेचाळीस नगांसमोर आकडे नाहीत, तुमच्या लिपीत लिहिलेली एक ओळ आहे. ती काय आहे हे मी तुमच्या टेस्टरना दोनदा विचारलं. त्यांनी दोन्ही वेळा एवढंच सांगितलं की बेंच माझा आहे. आयुष्यभर मी कारखाने तपासत आलो, पण या गृहस्थांच्या फोरबेअरन्सची नोंद केल्याशिवाय मला राहवत नाही. यापुढे आमचा माल त्यांच्याच हातून तपासला जावा, ही आमची अट समजावी.

तो शब्द मला अडला. पहिल्यांदा वाटलं, पूर्वजांबद्दल काही आहे, कारण पूर्वजाला इंग्रजीत जवळपास असाच शब्द आहे. भाऊंचे पूर्वज या पत्रात कशाला आले? म्हणून कोश उघडला. तिथं स्वच्छ लिहिलं होतं: चिथावणी असूनही धीर धरणं, आपला हक्क बजावण्यापासून स्वतःला आवरणं. त्याखाली एका शब्दात आणखी एक अर्थ होता, रोखून धरणं.

मी उठलो आणि बेंचकडे गेलो. भाऊ जेवणाआधी हात धुवायला गेले होते. रजिस्टर उघडलं, पान सापडलं. लॉटच्या नंबरापुढे भाऊंचं गोल अक्षर: "हा लॉट बेंचवर आला नाही. न तपासता गेला." खाली सही. तारीख गाडी गेली त्याच्या दुसऱ्या दिवसाची, म्हणजे तक्रार यायच्या साडेतीन महिने आधीची. केबिनमध्ये बेंच मेरी है म्हणत उभे होते तेव्हा ही ओळ त्यांच्या काखेत होती.

इथं लाज वाटायला हवी होती. मला वाटलं, हा माणूस माझ्याविरुद्ध कागद तयार ठेवून बसलाय. इंग्रजाला पान दाखवलंय, अर्थ तेवढा दाबून ठेवलाय. उद्या पाहिजे तेव्हा उघडेल. आयुष्यभर कागदांत गेलेल्या माणसाला कागदाचा एवढाच उपयोग सुचतो.

पत्र छापून सेठजींकडे नेलं. डिस्पॅचवाला तिथंच कसल्यातरी पावत्या घेऊन उभा होता. सेठजींनी आधी स्वतः नजर फिरवली, बोट फिरत फिरत त्याच शब्दावर थांबलं.

"ये क्या लिखा है? फोर बियर?"

मी काही बोलायच्या आत त्यांनाच हसू आलं. "चार बियर पिला दी क्या तुम्हारे भाऊ ने गोरे को?"

"तभी तो माल टपक रहा है सेठजी," डिस्पॅचवाला म्हणाला.

तिघंही हसलो. मीही. भाऊ एकादशी, इकडची ग्यारस, धरणारे, सुपारीसुद्धा न खाणारे. हसणं संपल्यावर सेठजी म्हणाले, "नहीं, असली मतलब क्या है?"

"मतलब... रोक के रखना, सेठजी. बात अपने अंदर रखना. बोलना नहीं."

"यानी छुपाना."

मी मान हलवली. हो म्हणून नाही, नाही म्हणूनही नाही, आपल्याकडे हलवतात तशी. कोणी पुढे पकडलं तर म्हणता आलं असतं की मी कुठं हो म्हटलं. ही सोयसुद्धा मी त्या क्षणी बघून ठेवली होती.

बाकीचं पत्रही तसंच सांगितलं. रजिस्टरात आकडे नाहीत हे वाक्य गाळलं, कारण पुढचा प्रश्न आला असता की आकडे नव्हते तर टीसी बनली कशी. "रजिस्टर के बारे में पूछा, तो बताया नहीं," एवढंच म्हणालो. आणि माल त्यांच्याच हातून तपासला जावा, याचं केलं, "आगे से टेस्टिंग सही हाथों से हो." एका शब्दाचा फरक. त्यांच्याच, सही.

सेठजी खुर्चीत मागे टेकले. "गोरे की नजर तेज होती है. दो दिन में पकड़ लिया." सोमवारी भाऊंची बदली मागच्या भंगार यार्डात झाली. काट्यावर लोखंडाचा चुरा तोलायचा आणि गेटपास फाडायचा. निवृत्त होईपर्यंत, पुढची सहा वर्षं, ते तिथंच होते. मधे एकदा परदेशातून मेलवर विचारणा आली की टीसीवर सही बदललेली कशी. त्यांना दुसरी जबाबदारी दिली आहे, असं उत्तर मीच टाइप केलं. पुन्हा कोणी विचारलं नाही.

चार बियरची गोष्ट डिस्पॅचवाल्यानं संध्याकाळपर्यंत शॉपमध्ये, म्हणजे मशिनांच्या शेडमध्ये, पोचवली. शॉपमध्ये पोचेपर्यंत तिची कहाणी झाली होती: भाऊंनी गोऱ्याला हॉटेलात नेऊन चार बियर पाजल्या, गोरा प्यायला आणि वर शिकायत लिहून गेला. लोक त्यांना फोर बियर म्हणायला लागले. "फोर बियर दादा, जरा गेटपास देना." "फोर बियर, आज ग्यारस है क्या?" नवीन भरती झालेल्यांना तर खरं नाव माहीतच नव्हतं. सुरुवातीला भाऊ माझ्याकडे आले.

"भिया, हे फोर बियर काय प्रकरण आहे?"

"काही नाही भाऊ. मजाक आहे लोकांची."

"मजाक तर समजली. माझी का, ते नाही समजलं."

मी म्हणालो, लोकांना काय, काहीही पुरतं. ते गेले. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही, आणि विचारत नाहीत म्हणून मी अस्वस्थ.

त्या सहा वर्षांत त्यांनी माझ्याशी जे जे चांगलं केलं ते सगळं मी उलटं करून बघितलं. लिंबाच्या लोणच्याची बरणी आली, तर बायको म्हणाली किती छान मुरलंय, मी म्हणालो एवढं कशाला पाठवलं असेल. मुलीला कॉलेजात प्रवेश मिळाला का, विचारलं, तर वाटलं घरात डोकावतायत. एकदा गेटवर मला थांबवून म्हणाले, "भिया, एक काम होतं तुझ्याकडे." काम काय, तर आधार कार्डावर वहिनींच्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं, फॉर्म भरून पाहिजे होता. मी भरून दिला आणि दोन दिवस विचार करत राहिलो की हे नुसतं निमित्त असेल.

एका वर्षी जुनी रजिस्टरं रद्दीत काढली. भंगार यार्ड भाऊंचं, म्हणजे त्यांनीच तोलली. गठ्ठा काट्यावर चढताना मी मुद्दाम तिथं जाऊन उभा राहिलो. ते रजिस्टर मला पुठ्ठ्यावरून ओळखू आलं, वरून तिसरं होतं. भाऊंनी गठ्ठा चढवला, वजन लिहिलं, गाडीत टाकला. माझ्याविरुद्धचा कागद माझ्या डोळ्यांदेखत गेला. मी टेबलाशी येऊन बसलो आणि मनात आलं, यांनी मोबाइलवर फोटो काढून ठेवला असेल. भाऊंचा मोबाइल बटणांचा होता. हे मला माहीत होतं. तरी आलं.

आता शब्दाबद्दल. दोन वर्षांपूर्वी मुलीनं वकिलीच्या अभ्यासासाठी जाडजूड कोश घरी आणला, शब्दांची मुळं दिलेला. एका रविवारी ती बाहेर गेलेली असताना मी तो उघडला. फोरबेअरन्समधला 'फोर' चारचा नाही, पुढचाही नाही. तो एक जुना उपसर्ग आहे, दूर, परे अशा अर्थाचा. विसरणं, मनाई करणं, माफ करणं या इंग्रजी क्रियापदांच्या तोंडी तोच बसलेला असतो. 'बेअर' म्हणजे वाहणं, पेलणं, आणि त्याचं मूळ आपल्या भाराशी जाऊन मिळतं. संस्कृतातल्या भृ धातूचा तो लांबचा भाऊ. म्हणजे ओझं पेलायचं आणि हात मात्र दूर ठेवायचा, अशी या शब्दाची घडण. पूर्वज अर्थाचा जो शब्द मला सुरुवातीला आठवला होता, तो वेगळाच निघाला. त्याच्या पोटात मात्र खरंच एक 'बीअर' आहे, असणारा या अर्थाचा. आधी असणारा, तो पूर्वज. सेठजींचा विनोद निदान एका शब्दाच्या जवळून गेला होता.

मुलगी परत आली तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं की तुमच्या कायद्यात हा शब्द येतो का.

"हो, येतो ना बाबा. आधी तर कानूनातच चालायचा तो. समजा कोणाला वसूल करायचा राइट आहे, आणि तो अभी के लिए वसूल नाही करत."

"म्हणजे माफ करतो."

"नाही ना, तेच तर. माफ केलं तर मॅटर खतम. यात राइट तसाच राहतो, तो फक्त वापरत नाही. समोरच्याचं देणं चालूच राहतं." मग तिनं माझ्याकडे बघितलं. "पण तुम्ही ये क्यों विचारताय?"

"ऑफिसात आला होता," मी म्हणालो. खोटं नव्हतं. माझी खोटी बोलणी बहुतेक अशीच असतात, खोटी नसलेली.

गेल्या दसऱ्याला दुपारी मी भाऊंकडे सोनं द्यायला गेलो. मल्हारगंजात एका दुकानाच्या वर त्यांच्या दोन खोल्या. निवृत्तीनंतर गल्लीतल्या लोकांचे नळ, कुकर दुरुस्त करत बसतात, पैसे घेत नाहीत म्हणून वहिनी कावतात. सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. वहिनींनी चहा ठेवला. आपट्याची पानं देऊन मी पाया पडलो, बसलो. तोंड उघडणार तोच भाऊ म्हणाले, "भिया, एक विचारू? बुरा नको मानू."

आलं, असं मला वाटलं. एवढ्या वर्षांनी मागणं आलं.

"त्या गोऱ्यानं काय लिहिलं होतं रे माझ्याबद्दल?"

"आता कशाला काढता भाऊ. किती वर्षं झाली."

"बेंच गेली त्याचं नाही काही. बेंच काय माझ्या बापाची होती? पण दोन दिवस माणूस माझ्या बाजूला बसला. घरची खिचडी खाल्ली. जाताना हात मिळवला तर सोडेच ना. अन् तिकडं जाऊन शिकायत लिहिली. ते नाही पचलं मला. तोंडावर बोलला असता तर ऐकून घेतलं असतं. मला इंग्रजी येत असतं ना, तर चिठ्ठी टाकून विचारलं असतं, की साहेब, माझं काय चुकलं तेवढं सांगा."

वहिनी चहा घेऊन आल्या. "अजून काढतात हो मधूनच. यांना आधी असं कोणाबद्दल नव्हतं. आता परका माणूस गोड बोलला की म्हणतात, बघ, हा मागून लिहील."

मी कप हातात घेतला. अकरा वर्षं मी ज्या संशयात राहिलो, तो मी या घरात आणून ठेवला होता, आणि ज्या एका माणसानं भाऊंना नीट ओळखलं होतं, त्याच्याच नावावर ठेवला होता.

"शिकायत नव्हती भाऊ," मी म्हणालो.

"मग?"

"चांगलंच लिहिलं होतं."

"चांगलं लिहिलं, अन् मला भंगारात पाठवलं?"

एवढाच प्रश्न होता. समोर स्वच्छ ठेवलेला. याहून सोपं करून कोणी कोणाला विचारू शकत नाही. मी म्हणालो, "सेठजींचं डोकं तुम्हाला माहीतच आहे."

भाऊंनी कप खाली ठेवला. "हां, ते पण आहे," म्हणाले. वहिनींना म्हणाले, याला चकली दे. मी दोन चकल्या खाल्ल्या आणि निघालो.

त्यांना सगळं माहीत असेल का, हा हिशेब मी दसऱ्यापासून रोज करतो. टीसी माझी, हे तर त्यांना पहिल्या सकाळपासून माहीत आहे. पत्राचं माहीत नसावं. की असेल, आणि मला सांगायला जागा करून दिली असेल, आणि मी ती पुन्हा घेतली नसेल? पूर्वी या प्रश्नानं मला त्यांचा राग यायचा. आता कळतं की उत्तर काहीही असलं तरी माझं काम तेवढंच राहतं. त्यांनी ओळखलं असलं, तरी ते मी सांगितल्यात जमा होत नाही. इथं कोणाचं नाव न घालता लिहिलंय, तेही होत नाही. भाऊ मराठी वाचतात, पण हे त्यांच्यापर्यंत पोचेल आणि माझं काम आपोआप होईल, अशी आशा धरणं म्हणजे पुन्हा मान हलवणंच.

पत्राची प्रत ऑफिसच्या फाइलमध्ये आहे. सेठजी त्याच केबिनमध्ये बसतात, आता ऐकायला थोडं कमी येतं. इंग्रज इन्स्पेक्टर निवृत्त झाला, पत्ता माझ्याकडे नाही, पण त्याच्या कंपनीला मेल टाकता येतो.

माझ्याकडे बाकी आहे ते असं. त्या पत्राचा दुसरा परिच्छेद, एकही शब्द न गाळता, मल्हारगंजात भाऊंसमोर बसून मराठीत वाचून दाखवायचा आहे, वहिनींनाही ऐकू जाईल असा. पत्राचा अर्थ मी वाकडा सांगितला, हे तिथंच सांगायचं आहे. बेचाळीसची टीसी मी न तपासता बनवली, हे सेठजींना सांगायचं आहे, मोठ्यानं. यातलं आज हे लिहीपर्यंत मी काहीच केलेलं नाही.